बी-दोनशेचारची हजेरी

मला माणसांशी बोलायचा कंटाळा होता, म्हणून मी सोसायटीचा सर्व्हर लिहिला. हे आता कबूल करायला हरकत नाही. तेव्हा मात्र सभेत उभा राहून मी पारदर्शक कारभार वगैरे बोललो होतो.

नऊ वर्षं झाली त्याला. कोथरूडातली आमची सोसायटी जुनी, तीन इमारतींची, लिफ्ट नंतर बसवलेली. मी बी इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, तीनशे चारमध्ये आईबरोबर राहत होतो. लग्न केलं नव्हतं. पंचवीस वर्षं एका कंपनीत प्रोग्रॅमिंग केलेलं, त्यामुळे कुणाचा प्रिंटर अडला की बेल माझी वाजायची. पाणी किती वाजता येणार, हॉल रिकामा आहे का, हेही मलाच विचारायचे, जणू पंप माझ्या खिशात होता. शेवटी मी ऑफिसातल्या टेबलाखाली एक जुना कॉम्प्युटर ठेवला आणि त्यावर चार पानं केली: सूचना, तक्रार, हॉलचं बुकिंग, पाण्याच्या वेळा. बेल वाजायची बंद झाली आणि मला फार बरं वाटलं.

प्रत्येक पानाला एक पत्ता असतो. कुठला पत्ता विचारला तर कुठलं पान दाखवायचं, याची यादी एका फाइलमध्ये लिहून ठेवावी लागते. आमच्या धंद्यात त्या ओळींना रूट म्हणतात. वॉचमनच्या हातात दिलेली यादीच ती: अमुक विचारलं तर इकडे पाठव, तमुक विचारलं तर तिकडे. सर्व्हर ही यादी वरून खाली वाचतो. जी ओळ पहिल्यांदा जुळेल तिच्याप्रमाणे वागतो आणि खालच्या ओळींकडे ढुंकूनही बघत नाही. एवढं लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं कळेल.

यादीत नसलेला पत्ता कुणी टाकला तर त्याला काहीतरी उत्तर द्यावं लागतं. इतर लोक तिथे दिलगिरी वगैरे व्यक्त करतात. मी लिहिलं होतं: ‘असे काही येथे नाही. वाचता येत असल्यास पत्ता पुन्हा वाचावा.’ लोक हसले. कुणीतरी त्याचा फोटो काढून नातेवाइकांना पाठवला. आमच्या भागात अशा वाक्याने माणसाचा मान वाढतो, आणि मी तो वाढू दिला.

माझ्या बरोबर खाली, दोनशे चारमध्ये, एक बाई राहायच्या. मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. एकट्याच. घराच्या दोन भिंती पुस्तकांनी भरलेल्या, तिसरीवर बुद्धांची तसबीर आणि तिच्याखाली वडिलांचा फोटो, हे मला दार उघडं असताना जिन्यावरून दिसायचं. आत मी कधी गेलो नव्हतो. सर्व्हर सुरू झाला त्याच वर्षी माझ्या बाथरूममधून त्यांच्याकडे पाणी झिरपायला लागलं. त्यांनी रीतसर तक्रारीच्या पानावर लिहिलं. मग पुन्हा लिहिलं. दर चार दिवसांनी एक, अशा तीसेक तक्रारी आल्या असतील. भाषा अगदी सौजन्याची, पण प्रत्येक वाक्य चिमटा घेणारं. ‘आपल्या स्नानाचा लाभ माझ्या कपाटालाही होत आहे,’ असं एकदा लिहिलं होतं.

तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली होती. गळती काढायची तर बाथरूमची फरशी फोडायची, आठ दिवस ते बंद ठेवायचं, आणि आईला हलवणं शक्य नव्हतं. बाईंना हे सांगायला हवं होतं. एक जिना उतरून, दोन वाक्यं बोलून भागलं असतं. पण माझा स्वभाव असा की ज्याची अडचण त्याला आपणहून कळायला हवी. एका दुपारी आईचं सगळं आवरून मी बसलो आणि बाईंची नवी तक्रार येऊन पडली. मी फाइल उघडली आणि यादीच्या अगदी वर एक ओळ लिहिली: पत्त्यात (प्रत्येक पत्त्यात फ्लॅटचा नंबर यायचाच) बी-दोनशेचार असेल तर दुसरं काही बघू नकोस, ते वाचता-येत-असल्यासचं वाक्य दाखव आणि परत पाठव.

तक्रारी बंद झाल्या. नंतर त्यांनी कागदावर लिहून सेक्रेटरींकडे दिलं असेल, मला ठाऊक नाही. तीन महिन्यांनी आई गेली. बाई भेटायला वर आल्या होत्या. मी दारातच नमस्कार केला, आत या म्हणालो नाही. पुढे बाथरूम फोडून नीट करून घेतलं, गळती थांबली. ती ओळ मात्र फाइलमध्ये तशीच राहिली आणि मी ती साफ विसरून गेलो.

आई गेल्यानंतरच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पंचावन्नाव्या वर्षी नोकरी सोडली. धायरीला एक चुलतभाऊ आहे, तो दिवाळीला फोन करतो. कधी कधी संध्याकाळी लक्षात यायचं की आज आपण तोंडातून एकही शब्द काढलेला नाही. मग मुद्दाम भाजीवाल्याला मेथीचा भाव विचारून यायचो, मेथी घरात असली तरी. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला कुणी असतं तर मेथी विचारायला गेलोच नसतो.

गेल्या वर्षी ए इमारतीतले एक गृहस्थ घरात वारले आणि ते दोन दिवसांनी कळलं. मुलगी परदेशात होती. दुधाच्या पिशव्या दाराशी साचल्या म्हणून शेजारणीला शंका आली. सोसायटी हादरली. सभा झाली, आणि त्यात ठरलं की एकट्या राहणाऱ्यांनी रोज सकाळी मोबाइलवर एक बटण दाबायचं. दहापर्यंत दाबलं गेलं नाही तर सेक्रेटरी त्या माणसाच्या नातेवाइकाला फोन करतील. सेक्रेटरी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, वक्तशीर गृहस्थ. त्यांनी यादी करून आणली होती. अकरा फ्लॅट होते. काम माझ्याकडे येणार हे उघडच होतं, म्हणून त्यांनी कागद माझ्या हातात दिला. वाचताना सातवा आकडा तीनशे चार दिसला. मी म्हटलं, हा चुकून आला आहे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि साध्या आवाजात विचारलं, “तुम्ही एकटेच राहता ना?”

मी हो म्हटलं. यादीत माझं असणं सगळ्यांना ठाऊक होतं, मला सोडून.

बटणावर काय लिहायचं यावर अर्धा तास गेला. मी ‘मी जिवंत आहे’ सुचवलं, तर चार जणांनी अभद्र बोलू नका म्हणून दटावलं. कुणी सुप्रभात म्हणालं, कुणी जय हरी. मागच्या रांगेतून दोनशे चारच्या बाई म्हणाल्या, शाळेत हजर म्हणतात, तेच लिहा. माझ्याकडे न बघता बोलल्या. त्यावर वाद घालण्यासारखं काही उरलं नाही, आणि बटण ‘हजर’ ठरलं.

त्या रविवारी बाईंची भाची माझ्याकडे आली. हडपसरपुढच्या मांजरी गावात राहणारी, चाळिशीतली, तिकडेच कुठल्याशा कंपनीत नोकरी करणारी. तीही दारात उभी राहून बोलली. माझ्या दारात सगळे उभेच राहतात. मावशीला एकटं ठेवायची तिला भीती वाटत होती, ए इमारतीतला प्रकार ऐकल्यापासून झोप येत नव्हती. ती बाईंना मांजरीला न्यायला निघाली होती आणि बाई ऐकत नव्हत्या. “काका, आमचं या हजेरीवर ठरलंय,” ती म्हणाली. “मावशीने रोज दाबलं तर ती इथे राहणार. तिला जमलं नाही तर मी घेऊन जाणार. नीट चालेल ना हे?”

मी म्हटलं, माझं न चालायला काय झालं.

दोन दिवसांत काम संपलं. जुन्या सर्व्हरवर नवे रूट टाकायची माझी एक पद्धत होती: फाइल उघडायची, थेट तळाला जायचं, नवी ओळ लिहायची, बंद करायची. वरचं चालतंय ना, मग तिकडे कशाला बघायचं. प्रत्येकाने इमारत निवडायची, फ्लॅटचा नंबर टाकायचा, बटण दाबायचं; त्यातून हजेरीचा पत्ता आणि पुढे फ्लॅटचा नंबर असा एक पत्ता तयार होऊन सर्व्हरकडे जाई. माझ्या घरचा नंबर टाकून पाहिला. चाललं. ए इमारतीतला एक टाकून पाहिला. चाललं. सगळ्यांचे नंबर टाकून बघायचा मला कंटाळा आला. अकरा होते फक्त.

हजेरी सुरू झाली आणि खरं सांगतो, माझ्या सकाळींना आकार आला. चहा घेऊन मी ते पान उघडून बसायचो. एकेका फ्लॅटसमोर हिरवा ठिपका उमटायचा. सी इमारतीतल्या आजी साडेपाचलाच उठतात, ए मधले कर्नल बरोबर सहाला, पहिल्या मजल्यावरचे विधुर गृहस्थ नऊ पंचावन्नला, सेक्रेटरींचा जीव खाऊन. कुणाशीही न बोलता मला नऊ माणसांची सोबत मिळाली होती. जिन्यात भेटले तर त्यांना वाटायचं, हा नेहमीसारखा मान खाली घालून चालला आहे. मला मात्र माहीत असायचं की आज यांना उशीर झाला.

दोनशे चारसमोर ठिपका उमटत नव्हता. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आठवडाभर नाही. रोज दहाला सेक्रेटरी भाचीला फोन करायचे. भाची कामावरून बाईंना फोन करायची. बाई म्हणायच्या, मी दाबलं. भाची म्हणायची, मग तिकडे दिसत का नाही? हे सेक्रेटरी मला सांगायचे, कारण रोज रोज तोच फोन करून तेही अवघडले होते. एकदा ते म्हणाले, बाईंच्या मोबाइलवर तुमचं ते वाक्य येतंय म्हणे. मी म्हटलं, म्हणजे नंबर चुकीचा टाकत असतील. दहा जणांना जमतं, यांनाच जमत नाही. नीट वाचायला सांगा.

हे बोलताना मला बरं वाटलं होतं. तेही लिहून ठेवतो.

सेक्रेटरींनी माझ्यावर विश्वास ठेवला, कारण संगणकातलं त्यांना कळत नव्हतं आणि मला कळतं अशी ख्याती होती. भाचीने बाईंना एकदा डॉक्टरांकडे नेलं. सोसायटीत कुजबुज सुरू झाली की बाईंचं आता विसरायला होतंय. शनिवारी भाजी घेताना दोन बायका बोलत होत्या: एवढी हुशार बाई, आणि स्वतःच्या घराचा नंबर आठवत नाही. मी तिथेच उभा होतो. सहा आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी, खाली टेम्पो आला. मी गॅलरीतून पाहिलं. पुस्तकांची खोकी किती होती कोण जाणे, पण हमाल मोजत होते आणि बाई बाजूला काठी धरून उभ्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. मी आत आलो. सोमवारपासून हजेरीच्या यादीत दहाच फ्लॅट राहिले.

दोनशे चारमध्ये भाडेकरू आले, एक तरुण जोडपं, दोघं आयटीतले. त्यांच्याकडे सारखी पार्सलं यायची, म्हणून सेक्रेटरींनी मला पार्सलवाल्यांना आत सोडायचे पास भाडेकरूंना काढता यावेत म्हणून नवं पान करायला सांगितलं. मी फाइल उघडली, तळाला गेलो, ओळ लिहिली. या खेपेला भाडेकरू एकाच घरात असल्यामुळे तोच नंबर टाकून पाहिला. पडद्यावर आलं: असे काही येथे नाही. वाचता येत असल्यास पत्ता पुन्हा वाचावा.

मी पत्ता पुन्हा वाचला. बरोबर होता. तीनदा टाकला. तीनदा तेच. मग मी फाइलमध्ये वर गेलो, कित्येक वर्षांत पहिल्यांदा. पहिलीच ओळ. शेजारी मी स्वतःसाठी एक शेरा लिहिला होता, ‘गळतीवाल्या बाई, कटकट बंद’.

सर्व्हर त्याच्याकडे आलेल्या प्रत्येक मागणीची नोंद ठेवतो. त्या नोंदी मी कधी उघडत नसे. त्या दुपारी उघडल्या. बेचाळीस दिवस. रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बी-दोनशेचारची हजेरी आलेली होती. एक दिवस चुकला नव्हता. एकेका दिवशी चार-चार वेळा, सात-सात वेळा, मध्ये एक-दोन मिनिटांचं अंतर ठेवून. म्हणजे वाक्य वाचायचं, पत्ता पुन्हा वाचायचा, पुन्हा दाबायचं. शेवटची नोंद त्या रविवारची होती, टेम्पो यायच्या तासभर आधीची. ती वरची ओळ मी काढून टाकली. काढायला किती वेळ लागतो, एक बोट लागतं.

दोन दिवस मी घरातच फिरलो. सेक्रेटरींना सांगावं, ते भाचीला सांगतील, असा विचार केला. फोन करावा असाही केला. पण हे मी आयुष्यभर केलं होतं, दुसऱ्याच्या हातून निरोप पाठवणं. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरींकडून पत्ता घेतला आणि बसने निघालो. हडपसरला बस बदलली. मांजरीला एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला बारा मजल्यांच्या नव्या इमारती. त्यातल्याच एकीच्या चौथ्या मजल्यावर बाई होत्या. दुपारचे तीन वाजले होते, भाची कामावर होती.

बाईंनी दार उघडलं आणि आत या म्हणाल्या. मी आत गेलो. पुस्तकांची खोकी भिंतीशी एकावर एक ठेवलेली होती, चिकटपट्टीसुद्धा काढलेली नव्हती. त्यांनी पाणी दिलं. मी ते प्यायच्या आधीच बोलायला सुरुवात केली, कारण प्यालो असतो तर धीर झाला नसता. सगळं सांगितलं. आईचं आजारपण, ती ओळ, तिचं वर असणं, माझं तळाला लिहिणं, बेचाळीस दिवसांच्या नोंदी.

त्यांनी विचारलं, “म्हणजे मी बरोबर दाबत होते?”

“हो.”

“रोज?”

“रोज. सहा वाजून दहा मिनिटांनी.”

त्या उठल्या आणि आतून एक शंभरपानी वही घेऊन आल्या. माझ्यासमोर उघडून ठेवली. पहिल्या पानापासून सुवाच्य अक्षरात एकच गोष्ट लिहिलेली होती: बी २०४, बी २०४, बी २०४. ओळीत पाच, पानावर शंभरेक. मधूनच सतराचा पाढा, मधूनच आजची तारीख आणि वार. शाळेत मुलांना शिक्षा म्हणून जे लिहायला लावायच्या, ते त्यांनी स्वतःला लावलं होतं. रोज सकाळी आधी हे लिहायचं, खात्री करून घ्यायची, मग मोबाइल हातात घ्यायचा. आणि तिथे मी बसलेलो असायचो, वाचता येतं का विचारायला. मी वही बंद केली. मला लाज वाटली, अशी की तोंड कुठे ठेवावं कळेना.

त्यांनी आवाज न चढवता विचारलं, ते वाक्य माझ्यासाठी लिहिलं होतं का. मी खरं ते सांगितलं: वाक्य सगळ्यांसाठी होतं, तुम्हाला मुद्दाम तिथे पाठवत होतो.

“पाणी पुस्तकांवर पडत होतं हो,” त्या म्हणाल्या. “आई आजारी आहे म्हणाला असतात तर मी कपाट सरकवलं असतं.”

नऊ वर्षांपूर्वी एक जिना उतरलो असतो तर कपाट दोन हात सरकलं असतं आणि बाई आज आपल्या घरात असत्या. मी माफ करा म्हटलं. हा शब्द मी याआधी कधी वापरला होता ते मला आठवेना. त्यांनी तो ऐकला आणि चहा टाकायला उठल्या. मी जायला निघालो तर म्हणाल्या, बसा. भाची सहाला येते. हे तिच्यासमोर पुन्हा सांगायचं, शब्द न गाळता.

तीन तास आम्ही त्या खोलीत बसलो. खालून उसाच्या ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मध्येच त्यांनी विचारलं, तुमचंही नाव यादीत आहे ना, तुम्ही किती वाजता दाबता? मी म्हटलं, दाबत नाही. माझी हजेरी रोज सातला आपोआप लागेल अशी सोय मी पहिल्याच दिवशी करून ठेवली आहे. सेक्रेटरींनी फोन करावा असा हक्काचा नंबर माझ्याकडे नव्हता, आणि तो रकाना रिकामा आहे हे कधी कुणाच्या नजरेस येऊ नये म्हणून मी हे केलं होतं.

बाईंनी चहाची कपबशी खाली ठेवली. “म्हणजे तुम्ही गेलात तरी हजर,” त्या म्हणाल्या.

मी हसायचा प्रयत्न केला. त्या हसल्या नाहीत, त्यांना माझी दया आली होती. वहीपेक्षा ते मला जड गेलं.

सहाला भाची आली. मला पाहून तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. बाईंनी तिला चप्पलसुद्धा काढू दिली नाही, उभीच ठेवून म्हणाल्या, हे काय सांगतात ते ऐक. मी पुन्हा सांगितलं, शब्द न गाळता. तिने पर्स खांद्यावरून काढली नाही. माझं संपल्यावर ती मावशीकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. डॉक्टरांकडे स्मरणशक्तीच्या चाचणीसाठी तिने मावशीला घड्याळाचं चित्र काढायला बसवलं होतं, कुलपाच्या किल्ल्या काढून घेतल्या होत्या, रोज दहाला ऑफिसच्या जिन्यात उभं राहून तिच्यावर ओरडली होती. हे ती मला नाही, स्वतःलाच सांगत होती. मग माझ्याकडे वळली. “काका, मी तुमच्या दारात येऊन सांगितलं होतं,” ती म्हणाली. “यावर सगळं ठरलंय म्हणून.”

मी म्हटलं, हो, सांगितलं होतं.

मी विचारलं, आता बाई परत येऊ शकतात का. तिने नाक पुसलं आणि सांगितलं की भाडेकरूंशी अकरा महिन्यांचा करार झाला आहे, ते जोडपं चांगलं आहे, त्यांना असं मधेच निघा कसं म्हणायचं. शिवाय मावशीचं वय. ती पुढेही काही बोलणार होती.

“अकरा महिने मला मोजता येतात,” बाई म्हणाल्या. “डोकं ठीक आहे माझं. ऐकलंस ना आत्ता?”

भाची तोंड धुवायला आत गेली. मग मी उठलो. बाई ती वही घेऊन खुर्चीत बसल्या होत्या, पानं उलटत होत्या, आणि एक्याऐंशी वर्षांच्या त्या बाईंच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसली, आणि त्या सुटकेत माझ्यासाठी काही नव्हतं. तसं असायला हवं असंही नाही. मी दाराशी जाऊन ‘येतो’ म्हटलं. आतून नळाचा आवाज येत होता. बाईंनी मान हलवली, नजर वहीवरच होती. मी लिफ्टपाशी थांबलो, दार अजून उघडं होतं, निदान सवयीने तरी कुणी ‘या’ म्हणेल असं वाटलं. मग आतून कुणीतरी हळूच दार लावून घेतलं.